चालत्या जँगो ॲप्लिकेशनमध्ये बूटस्ट्रॅप आणायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका सहकारी पतसंस्थेचं अंतर्गत ॲप्लिकेशन, जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कमध्ये लिहिलेलं, बरीच वर्षं चालू. सभासद नोंदणी, कर्ज अर्ज, रोजकीर्द, पावत्या अशा स्क्रीन. स्टाइलसाठी, म्हणजे पानाच्या रंग-मांडणीसाठी, हाताने लिहिलेली एकच सीएसएस फाइल, चार हजार ओळींच्या घरातली. टीम तिघांची, तिघेही बॅकएंडचे, म्हणजे सर्व्हरकडचा कोड लिहिणारे. मोबाइलवर नीट दिसावं म्हणून बेस टेम्प्लेटमध्ये (सगळ्या पानांचा सामाईक साचा) बूटस्ट्रॅप ५ या तयार सीएसएस फ्रेमवर्कची सीडीएन लिंक, म्हणजे बाहेरच्या सार्वजनिक सर्व्हरवरच्या फाइलची लिंक, टाकली आणि फॉर्म विस्कटले, थकबाकीदारांच्या लाल ओळी पांढऱ्या पडल्या, पावती छापताना शेजारचे दोन रकाने एकाखाली एक आले. लिंक जुन्या फाइलच्या वर ठेवून पाहिली, खाली ठेवून पाहिली. दर वेळी वेगळं काहीतरी बिघडलं. आता बूटस्ट्रॅप सोडून टेलविंड हे दुसरं सीएसएस फ्रेमवर्क घ्यावं का, आणि जे घ्यायचं ते बसवायचं कसं, अशी विचारणा आहे.

माझं मत आधी सांगतो. बूटस्ट्रॅपच ठेवा, पण बेस टेम्प्लेटमधली ती लिंक आजच काढा. कुठलं फ्रेमवर्क घ्यायचं यावर इथे काहीच अडलेलं नाही. जुनी सीएसएस कुठे संपते आणि नवी कुठे सुरू होते याची हद्द कुणी आखली नाही, म्हणून हा गोंधळ झाला. हद्द न आखता टेलविंड आणलंत तरी आठवड्याभरात हाच प्रश्न पडेल, फक्त क्लासांची नावं वेगळी असतील.

(क्लासांची नावं खाली उच्चारावरून लिहिली आहेत. रोजच्या वापरातली आहेत, ओळखू येतील.)

फॉर्म का विस्कटले

बूटस्ट्रॅपचा रो हा क्लास घ्या. हाताने लिहिलेल्या जुन्या सीएसएसमध्ये रो हमखास सापडतो. तुमच्याकडेही एक लेबल, एक इनपुट, दोघांना गुंडाळणारा डिव्ह आणि त्याला क्लास रो, असंच असणार. जुन्या फाइलमध्ये लेबलला १५० पिक्सेल रुंदी आणि डावीकडे फ्लोट. बूटस्ट्रॅपच्या लेखी मात्र रो म्हणजे ग्रिडची ओळ: डिस्प्ले फ्लेक्स (आतले घटक एका रांगेत मांडणारी रीत), रॅप चालू (जागा पुरली नाही तर पुढच्या ओळीत), दोन्ही बाजूंना १२ पिक्सेलचं उणे मार्जिन, आणि थेट आत असलेल्या प्रत्येक एलिमेंटला १०० टक्के रुंदी.

फ्लेक्सच्या आत फ्लोटला कुणी विचारत नाही. लेबलची रुंदी तुमच्या फाइलमध्ये 'रोच्या आतलं लेबल' अशा सिलेक्टरने (नियम कुणाला लागू ते सांगणारा भाग) दिलेली असते, त्याचं वजन बूटस्ट्रॅपच्या नियमापेक्षा जास्त भरतं, त्यामुळे लेबल १५० वर टिकून राहतं. इनपुटला तुम्ही रुंदी दिलीच नव्हती. त्याला १०० टक्के लागू होतात आणि ते खालच्या ओळीत ढकललं जातं. उणे मार्जिनमुळे पानाला आडवा स्क्रोलबार येतो. एवढं सगळं एका क्लासच्या नावावरून. त्यातून कुणी टेबलच्या टीआरला रो हा क्लास दिला असेल तर अख्खं टेबलच मोडतं, कारण तो टीआर आता टेबलची ओळ राहत नाही, फ्लेक्स होतो.

कार्ड, कंटेनर, अलर्ट, बॅज यांचं असंच. मॉडल (पानावर उघडणारी चौकट) आणि कोलॅप्स (उघडमीट होणारा भाग) हे दोन तर फसवे आहेत. बूटस्ट्रॅपमध्ये दोन्ही मुळात लपलेले असतात. कोलॅप्स शो हा क्लास लागल्याशिवाय दिसत नाही, मॉडल जावास्क्रिप्टने उघडल्याशिवाय. तुमच्या जुन्या कोडमध्ये एखाद्या साध्या चौकटीला मॉडल म्हटलेलं असेल तर ती चौकट पानावरून गायब होते, एररही येत नाही, आणि माणूस डेटाबेसमध्ये शोधत बसतो.

हे झालं क्लासांचं. पण बूटस्ट्रॅप क्लास न लावताही पानाला हात घालतं. रीबूट नावाचा त्याचा भाग नुसत्या टॅगांना स्टाइल देतो. बॉडीचं मार्जिन शून्य, लाइन-हाइट १.५, लिंकांना रंग आणि अधोरेखा, फील्डसेटच्या आतल्या लेजंडला डावीकडे फ्लोट आणि पूर्ण रुंदी. कर्ज अर्जात 'जामीनदाराचा तपशील' वगैरे फील्डसेट असतील तर ते या लेजंडमुळेच हललेले दिसतील.

आणि लिंक वर की खाली याने सुटलं नाही, कारण क्रम फक्त बरोबरीच्या वजनाला कामाला येतो. दोन सिलेक्टरांची स्पेसिफिसिटी (हेच ते वजन) सारखी असेल तरच नंतरचा जिंकतो. तुमच्या फाइलमध्ये आयडीने सुरू होणारे सिलेक्टर भरपूर असणार, ते कुठेही ठेवलेत तरी बूटस्ट्रॅपवर मात करणार. नुसत्या टॅगांवरचे नियम मात्र क्रमावर हलणार. म्हणजे एका क्रमात अर्धं पान जुनं जिंकतं, उलट्या क्रमात वेगळं अर्धं.

हद्द पानावर आखा

सर्वांत साधी आणि टिकणारी हद्द म्हणजे दोन बेस टेम्प्लेट. आजचं बेस आहे तसं राहू द्या, त्यात फक्त जुनी सीएसएस. दुसरं नवं बेस करा, त्यात फक्त बूटस्ट्रॅप आणि तुमची नवी छोटी फाइल. जुन्या फाइलची लिंक नव्या बेसमध्ये नको, 'तात्पुरती' सुद्धा नको. मग एकेक पान घ्यायचं, त्याचं मार्कअप बूटस्ट्रॅपच्या रीतीने लिहायचं, आणि एक्स्टेंडची, म्हणजे कुठलं बेस घ्यायचं ते सांगणारी, एक ओळ बदलायची. ग्राहकाने तक्रार केली तर त्या पानाची टेम्प्लेट परत फिरवता येते, बाकी पानांना धक्का लागत नाही.

हेडर आणि मेनू दोन्हीकडे लागतो, तिथे लोक अडतात. सरळ दोन प्रती ठेवा, एक जुन्या मार्कअपची, एक नव्या. मेनूतल्या लिंकांची यादी मात्र एकाच ठिकाणाहून, कॉन्टेक्स्ट प्रोसेसरमधून वगैरे, दोन्हींना पुरवा. दोन हेडर रंगाने-उंचीने जवळपास सारखे दिसले की शाखेतल्या माणसाला पान जुनं की नवं याचं काही पडलेलं नसतं.

पहिलं पान कुठलं घ्यावं? लॉगिन नको, त्यात शिकण्यासारखं काही नसतं. डॅशबोर्ड नको, तिथे प्रत्येकाचं मत येतं. ज्यात एक फॉर्म, एक टेबल आणि सेव्ह झाल्याचा संदेश असे तिन्ही प्रकार आहेत आणि जे दिवसभर वापरात नसतं, असं पान घ्या. सभासदाचा पत्ता किंवा वारस बदलण्याची स्क्रीन साधारण अशीच असते.

काही तुकडे मात्र पानावर तुटत नाहीत. सभासदाची माहिती दाखवणारी चौकट वीस टेम्प्लेटमध्ये इन्क्लूड केलेली असते आणि तिची जुनी स्टाइल नव्या पानातही हवी असते. तिथे कॅस्केड लेअर वापरा, म्हणजे सीएसएसचे थर, ज्यांत नंतरचा थर आधीच्यावर मात करतो. २०२२ च्या सुरुवातीला क्रोम ९९, फायरफॉक्स ९७ आणि सफारी १५.४ पासून ते चालू लागले. एका सीएसएस फाइलच्या डोक्यावर लेअरांचा क्रम जाहीर करायचा: आधी जुनं, मग बूटस्ट्रॅप, शेवटी आपलं नवं. मग तिन्ही फाइली इम्पोर्टने आपापल्या लेअरमध्ये घ्यायच्या. एचटीएमएलच्या लिंक टॅगमधून लेअर सांगता येत नाही, इम्पोर्टच लागतो. यानंतर स्पेसिफिसिटीचं भांडण लेअरच्या आतल्या आत राहतं. जुन्या लेअरमधला आयडीचा नियमही बूटस्ट्रॅपच्या साध्या क्लासपुढे हरतो.

यात एक खोच आहे. इम्पॉर्टंट (बाकीच्या नियमांवर मात करण्याची खूण) लावलेल्या नियमांचा क्रम उलटा चालतो. पहिल्या लेअरमधला इम्पॉर्टंट सगळ्यांत बलवान. म्हणजे तुमच्या जुन्या फाइलमध्ये कुणीतरी वैतागून लिहिलेले इम्पॉर्टंट एरवीपेक्षा जास्त ताकदीने उभे राहतील. म्हणून लेअर घालण्याआधी जुन्या फाइलमध्ये इम्पॉर्टंट शोधा आणि काढता येतील तेवढे काढा. बूटस्ट्रॅपच्या युटिलिटी (एकेकच काम करणाऱ्या) क्लासांतही इम्पॉर्टंट आहेत, म्हणून नव्या लेअरमध्ये आपण इम्पॉर्टंट लिहून त्यांना हरवता येत नाही. हवं असेल तर तो युटिलिटी क्लासच मार्कअपमधून काढायचा.

दुसरी खोच: लेअरमध्ये न घातलेली सीएसएस ही लेअरमधल्या सगळ्यांच्या वर बसते. एखाद्या टेम्प्लेटच्या आत स्टाइल टॅगमध्ये उरलेले चार नियम असतील तर ते सगळ्यांना झाकतात. तेही शोधून ठेवा.

फाइली कुठून आणायच्या

सीडीएनवरून नको, स्वतःच्या स्टॅटिक फोल्डरमधून द्या. 'सीडीएनवरची फाइल ब्राउझरकडे दुसऱ्या साइटमुळे आधीच असते' हे कारण आता उरलेलं नाही. क्रोमने २०२० मध्ये ८६ व्या आवृत्तीपासून कॅशे साइटनिहाय वेगळा केला, फायरफॉक्सने पुढच्या वर्षी. सफारीत तर तो आधीपासूनच वेगळा होता. शिवाय अंतर्गत ॲप्लिकेशन आहे. शाखेचं बाहेरचं इंटरनेट गेलं आणि सर्व्हर आतल्या नेटवर्कवर चालू असला, तर निदान पान तरी नीट दिसायला हवं. बूटस्ट्रॅपची मिनिफाय केलेली (मोकळ्या जागा काढून आटवलेली) सीएसएस सव्वादोनशे किलोबाइटच्या आसपास आहे, जीझिप केल्यावर तीसेक. त्यासाठी घासाघीस करण्यात अर्थ नाही.

जँगोची एक खास अडचण इथेच सांगतो, कारण ती नेमकी डिप्लॉयच्या वेळी उगवते. मॅनिफेस्टवालं स्टॅटिक स्टोरेज (फाइलींच्या नावांना मजकुरावरून काढलेली खूण जोडणारं) वापरत असाल तर जँगो ४.१ पासून ते सीएसएसमधल्या सोर्स मॅपचे, म्हणजे आटवलेल्या कोडची मूळ कोडशी सांगड घालणाऱ्या फाइलीचे, पत्तेही तपासतं. बूटस्ट्रॅपच्या मिनिफाय केलेल्या फाइलच्या शेवटच्या ओळीत मॅप फाइलचं नाव असतं. तुम्ही फक्त सीएसएस कॉपी केलीत आणि शेजारची मॅप फाइल नाही आणलीत, की कलेक्टस्टॅटिक (स्टॅटिक फाइली गोळा करणारी जँगोची आज्ञा) 'फाइल सापडली नाही' म्हणून थांबतं. लोकलला डीबग चालू असल्याने तिथे काहीच कळत नाही. दोन्ही फाइली आणा. जावास्क्रिप्टची बंडल नावाची फाइल घ्या, तिच्यात पॉपर ही तरंगत्या चौकटी जागेवर बसवणारी लायब्ररी आत असते, ड्रॉपडाउन आणि टूलटिपला ती लागते.

आवृत्ती ठरवून पक्की करा आणि इंटरनेटवरून कोड उचलताना तो कुठल्या आवृत्तीचा आहे ते बघा. बूटस्ट्रॅप ट्विटरमध्ये मार्क ऑटो आणि जेकब थॉर्न्टन यांनी सुरू केलं, ऑगस्ट २०११ मध्ये खुलं झालं. तेव्हापासूनची उदाहरणं शोधल्यावर एकत्रच समोर येतात. मे २०२१ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीची गरज काढली, इंटरनेट एक्सप्लोरर सोडलं आणि बरीच नावं बदलली. डेटा-टॉगलचं डेटा-बीएस-टॉगल झालं, एमएल-३ चं एमएस-३ झालं, फॉर्म-ग्रुप आणि बटण-ब्लॉक गेले. ड्रॉपडाउन दाबल्यावर काहीच होत नसेल तर दहातल्या नऊ वेळा मार्कअपमध्ये बीएस ही दोन अक्षरं घालायची राहून गेलेली असतात.

तुमच्याकडे जेक्वेरी आधीपासून असेल तर राहू द्या, दोघांचं भांडण नाही. सिलेक्ट२ (शोधाची सोय असलेला ड्रॉपडाउन देणारं प्लगिन) मात्र मॉडलच्या आत वापरत असाल तर त्याचा ड्रॉपडाउन मॉडलच्या मागे उघडतो: त्याचा झेड-इंडेक्स (कोण कुणाच्या वर दिसेल ते ठरवणारा आकडा) १०५१, बूटस्ट्रॅप ५ च्या मॉडलचा १०५५. झेड-इंडेक्स वाढवून भागत नाही, कारण मॉडल फोकस धरून ठेवतं आणि शोधाच्या चौकटीत टाइपच करता येत नाही. सिलेक्ट२ ला ड्रॉपडाउन-पेरेंट म्हणून तो मॉडल द्या, दोन्ही सुटतं.

जँगोचे फॉर्म

सगळ्यांत जास्त वेळ इथे जाईल, आणि जायलाच हवा. बहुतेक लोक पहिल्यांदा काय करतात, तर एक मिक्सिन (सगळ्या फॉर्मना जोडता येणारा सामाईक कोड) लिहितात आणि प्रत्येक विजेटला, म्हणजे फॉर्ममधल्या प्रत्येक चौकटीला, फॉर्म-कंट्रोल हा क्लास चिकटवतात. टेक्स्ट इनपुटला ते बरोबर. पण पाचव्या आवृत्तीत सिलेक्टला फॉर्म-सिलेक्ट लागतो, नाहीतर ड्रॉपडाउनचा बाण दिसत नाही. आणि चेकबॉक्सला फॉर्म-चेक-इनपुट. चेकबॉक्सला फॉर्म-कंट्रोल लागला की 'अटी मान्य आहेत' शेजारची खूण पानभर रुंद पसरते. मिक्सिनमध्ये विजेटचा प्रकार पाहून क्लास द्या. आठ-दहा ओळींचं काम आहे.

मग चुकांचे संदेश. बूटस्ट्रॅपमध्ये चुकीच्या इनपुटला इज-इनव्हॅलिड क्लास लागतो आणि संदेशाच्या डिव्हला इनव्हॅलिड-फीडबॅक. हा संदेश मुळात लपलेला असतो. त्याच पातळीवर आधी इज-इनव्हॅलिड असलेलं इनपुट आलं असेल तरच तो दिसतो. इनपुटला तुम्ही आणखी एका डिव्हमध्ये गुंडाळलंत आणि संदेश बाहेर राहिला, की इनपुटला लाल कड येते पण 'पॅन क्रमांक चुकीचा आहे' हे वाक्य दिसत नाही. शाखेतला कारकून मग तोच फॉर्म पुन्हा पुन्हा सबमिट करत राहतो. रुपयाचं चिन्ह लावायला इनपुट-ग्रुप वापरलात तर हे हमखास होतं. तिथे संदेश ग्रुपच्या आतच ठेवायचा.

हे सगळं प्रत्येक टेम्प्लेटमध्ये हाताने लिहू नका. जँगो ५.० किंवा पुढचं असेल तर प्रत्येक फील्ड ॲज-फील्ड-ग्रुपने काढा आणि जँगोची फील्डची टेम्प्लेट आपल्या प्रोजेक्टमध्ये ओव्हरराइड करा. त्यासाठी सेटिंगमध्ये फॉर्म रेंडरर टेम्प्लेट्स-सेटिंगवर न्यावा लागतो आणि जँगो-फॉर्म्स इन्स्टॉल्ड ॲपमध्ये घालावं लागतं, नाहीतर तुमची टेम्प्लेट तो बघतच नाही. जुनी आवृत्ती असेल तर क्रिस्पी-फॉर्म्स हे फॉर्म मांडणारं तयार पॅकेज आणि त्याचं बूटस्ट्रॅप ५ चं पॅकेज घ्या. मला स्वतःला क्रिस्पीचे पायथनमध्ये लिहिलेले लेआउट आवडत नाहीत. सहा महिन्यांनी रकाना हलवायचा तर टेम्प्लेट उघडावी की फॉर्म क्लास, हे आठवत नाही. साधा फिल्टर लावून फील्ड काढण्यापुरतं ते उत्तम आहे.

आणि एक छोटी गोष्ट, जी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये राहते. जँगोच्या मेसेज फ्रेमवर्कमध्ये चुकीच्या संदेशाचा टॅग एरर असतो, बूटस्ट्रॅपमध्ये तोच अलर्ट-डेंजर. अलर्ट-एरर नावाचा क्लासच नाही. त्यामुळे यशाचे संदेश हिरवे दिसतात आणि 'खात्यात पुरेशी शिल्लक नाही' हे मात्र बिनरंगी. सेटिंगमधल्या मेसेज टॅग्जमध्ये एररसाठी डेंजर अशी एक जोडी लिहा.

रंग, टेबल आणि मराठी अक्षर

थकबाकीच्या लाल ओळी पांढऱ्या का झाल्या, तर बूटस्ट्रॅपचं टेबल पार्श्वभूमीचा रंग ओळीला देत नाही, प्रत्येक सेलला देतं. तुम्ही टीआर लाल केलात, वर पांढरे टीडी बसले. उपाय इम्पॉर्टंटचा नाही. त्या ओळीच्या क्लासमध्ये बूटस्ट्रॅपचं टेबल-बीजी हे सीएसएस व्हेरिएबल लाल करा. सेल ते वारशाने उचलतात आणि झेब्रा पट्टे, होव्हर हेही त्यावर नीट चालतात.

व्हेरिएबलवरून दुसरी गंमत. संस्थेचा रंग आणायचा म्हणून लोक रूटवर बीएस-प्रायमरी बदलतात आणि बटण निळंच राहतं. कारण प्रायमरी बटणाची स्वतःची व्हेरिएबलं आहेत आणि त्यांत निळ्याचा आकडा थेट लिहिलेला आहे. सॅसमधून (ज्यातून सीएसएस तयार होते ती भाषा) बूटस्ट्रॅप कंपाइल करत असाल तर तिथे प्रायमरी एकदा बदलला की सगळीकडे जातो. ते करायचं नसेल तर बटणाची बीजी, कड, होव्हर आणि ॲक्टिव्ह अशी पाच-सहा व्हेरिएबलं आपल्या फाइलमध्ये द्या. तिघांच्या टीमला एका रंगासाठी सॅसची बिल्ड उभी करायला मी सांगणार नाही. रंग निवडताना त्यावरच्या पांढऱ्या अक्षराचा कॉन्ट्रास्ट ४.५ ला १ पेक्षा कमी नको. भगवा आणि पिवळा इथे नापास होतात, त्यांच्यावर काळं अक्षर घ्या.

तुमच्या स्क्रीन मराठीत आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो. इंग्रजी मार्गदर्शनात सापडणार नाही. बूटस्ट्रॅपच्या फाँटच्या यादीत देवनागरीसाठी मुद्दाम निवडलेलं काही नाही, ब्राउझर आपल्या परीने शोधतो. विंडोजवर निर्मला यूआय मिळतो, विंडोज ७ असेल तर मंगल, अँड्रॉइडवर नोटो. त्यामुळे एकच फॉर्म तीन ठिकाणी तीन उंचीचा दिसतो. एक देवनागरी फाँट ठरवून स्वतःच्या सर्व्हरवरून द्या. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता मुक्त परवान्याखाली आहे, फॉर्म आणि टेबलांना छान चालतो, त्यातली लॅटिन अक्षरंही जुळती आहेत. एचटीएमएलच्या टॅगवर भाषा एमआर लिहा. ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत, त्यात ते तेव्हाच उमटतात.

बूटस्ट्रॅपच्या हेडिंगची लाइन-हाइट १.२ आहे. लॅटिनला ठीक, पण 'कर्जवसुली व पूर्तता' असं शीर्षक दोन ओळींत गेलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफार-वेलांट्यांना भिडतात. १.४ करा. टेक्स्ट-ट्रंकेट लावलेल्या सेलमध्ये ओव्हरफ्लो लपवलेला असतो, तिथे लाइन-हाइट कमी असेल तर मात्रा वरून कापल्या जातात. आणि लेटर-स्पेसिंग देवनागरीला कधीच लावू नका, शिरोरेघ तुटते.

पावती

पावतीचे रकाने एकाखाली एक आले याचं कारण कागदाची रुंदी. ए४ म्हणजे २१० मिलिमीटर, ब्राउझरच्या हिशेबात सुमारे ७९४ पिक्सेल. समास वजा केला की सातशेच्या आसपास उरतात. बूटस्ट्रॅपचा एमडी ब्रेकपॉइंट (ज्या रुंदीला मांडणी बदलते ती) ७६८ ला आणि एलजी ९९२ ला सुरू होतो. म्हणजे छापताना कागद हा मोठा मोबाइलच ठरतो आणि कॉल-एमडी-६ चे दोन अर्धे रकाने पूर्ण रुंदीचे होऊन खाली घसरतात. चौथ्या आवृत्तीत छपाईसाठी पानाला किमान ९९२ पिक्सेल रुंदी देणारा नियम होता. पाचवीत छपाईच्या स्टाइल काढून टाकल्या, लपवण्या-दाखवण्याचे डी-प्रिंट क्लास तेवढे ठेवले.

अहवालाच्या पानांवर ब्रेकपॉइंट नसलेला कॉल-६ वापरा, मेनू आणि बटणांना डी-प्रिंट-नन लावा, रंगीत ओळी कागदावर हव्या असतील तर प्रिंट-कलर-ॲडजस्ट एक्झॅक्ट करा. पावतीचं मात्र मी वेगळं सांगेन. पावती, पासबुक, ठेव प्रमाणपत्र ही पानं फ्रेमवर्कच्या बाहेर ठेवा. त्यांना तिसरं, अगदी छोटं बेस टेम्प्लेट द्या, मापं मिलिमीटरमध्ये लिहा, पानाचा आकार पेज नियमाने ठरवा. छापील स्टेशनरीवर अक्षर दोन मिलिमीटर सरकलं तरी लोक परत येतात, आणि उद्या बूटस्ट्रॅपची आवृत्ती बदलली म्हणून ते सरकायला नको.

पानं जसजशी नव्या बेसवर जातील तसतसे जुन्या फाइलमधले नियम काढत जा. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये कव्हरेज नावाचा टॅब आहे. पान उघडून फिरवलं की कुठले नियम वापरातच आले नाहीत ते लाल पट्टीने दाखवतो. एका पानावर लाल दिसला म्हणून नियम उडवू नका, उरलेल्या सगळ्या जुन्या पानांवर बघा. दरम्यान एक शिस्त पाळा: जुन्या फाइलमध्ये नवी ओळ लिहायची नाही. जुन्या पानावर काही नवं हवं असेल तर ते पान आधी नव्या बेसवर न्यायचं.

आणि टेलविंड?

टेलविंड वाईट नाही. डिझायनरने ठरवलेली स्वतंत्र मांडणी असेल, बटण-कार्ड-टेबल असे कंपोनंट एकदा लिहून वापरायची सवय असेल, तर ते बूटस्ट्रॅपपेक्षा सरस पडतं. तुमच्याकडे फॉर्म आणि टेबलं आहेत, बॅकएंडची माणसं आहेत, डिझायनर नाही. तुम्हाला तयार बटण हवंय, बटण घडवण्याचं सामान नकोय.

जँगो टेम्प्लेटमध्ये त्याची एक सवय जाचते. टेलविंड फाइली वाचून त्यात अख्खे दिसलेले क्लासच सीएसएसमध्ये घालतं. टेम्प्लेटमध्ये रंगाचं नाव व्हेरिएबलमधून आणून क्लास जोडलात, तर तो अख्खा क्लास त्याला कुठे दिसतच नाही आणि रंग येत नाही. पूर्ण नावं कुठेतरी लिहून ठेवावी लागतात. त्याचा प्रीफ्लाइट (नुसत्या टॅगांची मूळ स्टाइल पुसणारा भाग) रीबूटपेक्षा कडक आहे, हेडिंगांचे आकार आणि यादीचे ठिपकेही काढून घेतो, म्हणजे जुन्या पानांवर आणखी मोठा दणका. मोठ्या अक्षरांच्या टेक्स्ट-५एक्सएल पासून पुढच्या क्लासांची लाइन-हाइट १ आहे. मराठी शीर्षकाचं काय होईल ते वर सांगितलंच. आणि दोन्ही फ्रेमवर्क एकत्र नकोत. कोलॅप्स हा क्लास दोघांकडे आहे, अर्थ वेगळे. बूटस्ट्रॅपचा मेनू उघडतो पण दिसत नाही, कारण टेलविंडने त्याची व्हिजिबिलिटी काढून घेतलेली असते.

तरीही मन टेलविंडकडेच ओढत असेल, तर आधी शाखांमधल्या संगणकांवरच्या ब्राउझरची यादी काढा. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या टेलविंड ४ ला क्रोम १११, सफारी १६.४ किंवा फायरफॉक्स १२८ लागतं. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही आणि फायरफॉक्सही ११५ वर थांबतो. काउंटरवरचा एखादा संगणक अजून विंडोज ७ वर असेल, तर टेलविंड ४ तिथे चालणार नाही. तिसरी आवृत्ती चालेल, बूटस्ट्रॅप ५.३ तर क्रोम ६० पासूनच चालतं. वर सांगितलेले लेअर १०९ मध्ये आहेत, त्यामुळे त्या संगणकांमुळे बाकीचा बेत बदलावा लागणार नाही.